अर्न्स्ट राबेल : खाजगी कायद्याच्या एका प्राध्यापकाची वाटचाल

जर्मनभाषी विद्यापीठांत प्राध्यापकपद सहजासहजी मिळत नसे. डॉक्टरेटनंतर दुसरा स्वतंत्र प्रबंध सादर करून अध्यापनाचा अधिकार मिळवावा लागे आणि त्यानंतर एखाद्या विद्यापीठाच्या पाचारणाची प्रतीक्षा करावी लागे. अर्न्स्ट राबेल ह्यांची कारकीर्द प्रथमदर्शनी ह्याच चाकोरीतील दिसते. १८७४ मध्ये व्हिएन्ना येथे जन्मलेल्या राबेल ह्यांनी लुडविग मिट्टाइस ह्यांच्यापाशी रोमन कायद्याचा अभ्यास केला आणि १९०२ मध्ये लाइपझिग येथे दुसरा प्रबंध सादर केला. पुढे बाझेल, कील, गटिंगेन व म्यूनिक येथील अध्यासने भूषवून १९२६ मध्ये ते बर्लिनला आले. परकीय व आंतरराष्ट्रीय खाजगी कायद्याच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे ते पहिले संचालक होत.

परंतु ह्या कारकिर्दीचे खरे सूत्र पदांच्या यादीत सापडत नाही. ते एका प्रश्नात आहे. १९०२ च्या प्रबंधाचा विषय होता, विकलेल्या वस्तूवरील हक्कात दोष निघाल्यास विक्रेत्याचे उत्तरदायित्व कोणते? खरेदी-विक्रीचा हा विषय राबेल ह्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. रोमन परंपरेत माल सदोष निघाल्यास एक नियम, तर तो उशिरा पोहोचल्यास दुसरा, असा भेद होता. इंग्लिश कायद्यात मात्र दोन्ही गोष्टी करारभंगातच मोडत. राबेल ह्यांचे म्हणणे असे की, निरनिराळ्या देशांच्या कायद्यांतील संज्ञांची तुलना निष्फळ होय. ज्या व्यावहारिक अडचणीतून नियम उत्पन्न झाला, ती अडचण प्रत्येक देश कशी सोडवितो हे पाहिले पाहिजे. ह्याच दृष्टीने रोम येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३५ मध्ये समान विक्री-कायद्याचा मसुदा तयार केला. त्यामागे राबेल ह्यांचे परिश्रम होते.

त्याच वर्षी ज्यू वंशाचे म्हणून त्यांचे अध्यासन गेले. १९३७ मध्ये संचालकपदही गेले. १९३९ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेची वाट धरली. पूर्वीसारखे अध्यासन तेथे लाभले नाही. तरी मिशिगन येथे संशोधन करीत त्यांनी कायद्यांच्या संघर्षावरील तौलनिक ग्रंथाचे खंड परक्या भाषेत लिहिले. त्यांतील पहिला १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५५ मध्ये झुरिक येथे त्यांचे निधन झाले. विक्री-कायद्यावरील ग्रंथाचा पहिला खंड १९३६ मध्ये निघाला होता. दुसरा त्यांच्या पश्चात १९५८ मध्ये निघाला.

१९६४ च्या हेग येथील करारांत व १९८० च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय माल-विक्रीच्या करारात करारभंगाची एकसंध कल्पना स्वीकारली गेली. सत्तेने अध्यासन हिरावून घेतले, तरी त्या अध्यासनावरून विचारलेला प्रश्न तिला हिरावता आला नाही. प्राध्यापकाच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना, त्याने कोणती पदे भूषविली ह्याबरोबरच त्याने कोणता प्रश्न आयुष्यभर सांभाळला हेही विचारात घेणे अगत्याचे आहे.