जड वर, हलके खाली

धातुकाच्या संहतीकरणाचा भाग शिकवताना आपण फळ्यावर 'फेनतरण' हा शब्द लिहितो, टाकीची आकृती काढतो आणि पुढे जातो. उत्तरपत्रिकांत मग एखादे तरी वाक्य असे सापडते : 'धातुकाचे कण हलके असल्यामुळे फेसाबरोबर वर येतात.'

हे खरे आहे का? घनता पाहू या. शिशाचे खनिज गॅलेना पाण्याच्या सुमारे ७.५ पट जड असते, तर त्याच्यासोबतच्या मातीदगडातील क्वार्ट्‌झ केवळ २.६५ पट. म्हणजे फेसाबरोबर वर येतो तो जड कण, आणि खाली राहतो तो हलका!

याचे कारण कणाच्या वजनात नाही, पृष्ठभागात आहे. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, त्याचा थेंब होतो. काचेवर मात्र ते पसरते. क्वार्ट्‌झचा पृष्ठभाग काचेसारखा, जलस्नेही. गॅलेनाचा आपण अळूसारखा, म्हणजे जलविरोधी करून घेतो. त्यासाठी पाण्यात अगदी थोडे झँथेट घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक खनिजाला चिकटते, दुसरे तेलासारखे टोक बाहेर राहते. खालून हवा सोडली की असा कण पाणी टाळून बुडबुड्याला चिकटतो. कण आणि बुडबुडा ही जोडी पाण्यापेक्षा हलकी होते व वर येते. पाइन तेलामुळे किंवा निलगिरी तेलामुळे फेस लवकर फुटत नाही, तो वरून काढून घेता येतो. कण मात्र बारीक हवेत. मोठे कण बुडबुड्यावरून निसटतात.

ही पद्धत किती मोलाची ठरली हे ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे दिसले. तेथील खनिजातून जड गॅलेना पाण्याच्या प्रवाहात वेगळे करता येई. पण जस्ताचे खनिज स्फॅलेराइट व सोबतचे गार्नेट यांची घनता जवळजवळ सारखी, सुमारे ४. घनतेवर विसंबून त्यांची फारकत होईना. त्यामुळे जस्त टाकाऊ ढिगांत जात राहिले आणि ढीग लाखो टनांचे झाले. १९०२ च्या सुमारास तेथे तरणाचे प्रयोग सुरू झाले व त्याच ढिगांतून जस्त मिळू लागले. १९१२ मध्ये जेम्स लिस्टर यांनी गॅलेना आधी तरंगवून स्फॅलेराइट मागे ठेवण्याची रीतही बसवली.

वर्गात एक प्रयोग करू या. दगडी कोळशाची वस्त्रगाळ पूड रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी तळाशी बसलेलीच पूड घ्यावी. ती पाण्यापेक्षा जड आहे हे मुलांनी पाहिलेले असते. बाटलीत ही पूड, चमचाभर बारीक धुतलेली वाळू व अर्धी बाटली पाणी घ्यावे. रॉकेलचे दोन-तीन थेंब व निलगिरी तेलाचा एक थेंब टाकून, बूच लावून जोरात हलवावे. (जवळ ज्योत नसावी. साबण वापरू नये, त्याने कोळसाही भिजतो.) बाटली स्थिर ठेवली की काळा थर वर येतो आणि वाळू तळाशी बसते.

आता मुलांना विचारावे : रात्री बुडालेला कोळसा सकाळी तरंगला कसा? त्याचे वजन तर बदललेले नाही. 'त्याला हवा चिकटली' हे उत्तर एखाद्याने दिले, की उत्तरपत्रिकेतले ते वाक्य आपोआप सुधारेल.