गाठ दिसली, तरी सुरी थांबवावी

गाठ म्हटली की ती कापून टाकावी, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. डेस्मॉइड नावाच्या गाठीत मात्र ही घाई रुग्णाला महागात पडते. वर्षाला दहा लाखांत जेमतेम ५-६ जणांना होणारी ही गाठ कर्करोगासारखी दूरच्या अवयवांत पसरत नाही. पण शेजारचे स्नायू, नसा, पोटात असेल तर आतडीही वेढत जाते. तिची कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही, त्यामुळे सर्जनने कितीही निगुतीने काढली तरी ती पुष्कळदा त्याच जागी पुन्हा उगवते. मग दुसरी शस्त्रक्रिया, तिसरी, आणि दरवेळी थोडा अधिक निकामी होत जाणारा हात किंवा पाय.

म्हणून आज तज्ज्ञ आधी ठरावीक काळाने एमआरआय काढून गाठीवर नुसतं लक्ष ठेवतात. हा हलगर्जीपणा वाटेल, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेली सोराफेनिब या औषधाची ८७ रुग्णांवरची चाचणी पाहावी. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही २० टक्के जणांची गाठ बरीच आक्रसली. सोराफेनिब घेणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. एवढ्यावरून औषध फिकं ठरवणं चूक, कारण दोन वर्षांनंतर आजार न वाढलेले रुग्ण सोराफेनिबच्या गटात ८१ टक्के होते, दुसऱ्या गटात ३६. या आजारात गाठ नाहीशी होण्यापेक्षा ती थांबणं हेच मोठं यश आहे. पुढे निरोगासेस्टॅट हे औषध आलं. वाढत्या गाठी असलेल्या १४२ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्या ४१ टक्के जणांची गाठ आक्रसली, न घेणाऱ्या ८ टक्क्यांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, खास याच आजारासाठीचं पहिलं औषध म्हणून.

सहसा जीव न घेणाऱ्या गाठीसाठी इतकी जड औषधं का, हा आक्षेप रास्त आहे. निरोगासेस्टॅटमुळे बहुतेकांना जुलाब होतात, आणि मूल होण्याच्या वयातल्या चारपैकी तीन स्त्रियांच्या बीजकोशांच्या कामात बिघाड दिसला. हा आजार तरुण स्त्रियांत जास्त, म्हणून पहिल्या गोळीआधीच हे बोलणं झालं पाहिजे. तरी बहुतेकींचा तो बिघाड पुढे सुधारला. उलट कापलेला स्नायू परत येत नाही. किमतीचं म्हणाल, तर सोराफेनिबपुरती वाट भारतातच निघाली. २०१२ साली यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवण्याची मुभा, नॅटको या औषध कंपनीला मिळाला, महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो परवाना कायम ठेवला. मात्र गाठ कसली आहे हे सुईने तुकडा काढून तपासण्याआधीच ती कापली गेली, तर हा सगळा विचार करायची वेळच हातातून निसटते.