दोन तारखांमधलं अंतर

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले आणि आकडा दोनशेच्या वर गेला. एकाच भागातून हातपाय लुळे पडलेली माणसं येत आहेत, हे आधी लक्षात आलं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या. देशाच्या एकात्मिक रोग सर्वेक्षणाला दोनच महिन्यांपूर्वी वीस वर्षं झाली होती, म्हणून ते जास्तच लागलं.

सुरतेच्या 1994 च्या प्लेगनंतर अशा सर्वेक्षणासाठी हालचाल सुरू झाली, नोव्हेंबर 2004 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं हा प्रकल्प आला. पहिली वर्षं संगणक आणि प्रशिक्षणात गेली.

खरं काम दिसलं ते 2008 नंतरच्या दशकात. नोंदीचे तीन फॉर्म होते. एस फॉर्म आरोग्यसेविकेचा. तिनं निदान करायचं नव्हतं, लक्षणं मोजायची होती: ताप, तापासोबत पुरळ, रक्तस्राव किंवा गुंगी, पातळ जुलाब, कावीळ, पंधरा वर्षांखालच्या मुलांचा अचानक आलेला लुळेपणा. पी फॉर्म डॉक्टरांचा, एल प्रयोगशाळेचा. सोमवार ते रविवारचे आकडे उपकेंद्रातून जिल्ह्याकडे आणि पोर्टलवर जात. जुलै 2008 पासून दिल्लीत साथीच्या बातम्या चाळणारा कक्षही होता.

याच काळात गूगल फ्लू ट्रेंड्सचा गाजावाजा झाला. लोक काय शोधतात यावरून फ्लू ओळखणारं हे साधन 2012-13 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या प्रत्यक्ष नोंदींच्या जवळपास दुप्पट अंदाज देऊन बसलं. 2015 मध्ये ते बंद झालं. आरोग्यसेविकेच्या फॉर्मला तेव्हा मागासलेला म्हणणाऱ्यांनी तिला तिचं श्रेय आजही दिलेलं नाही.

दिल्लीहून दर आठवड्याला उद्रेकांची यादी सर्वांसाठी खुली व्हायची. एका रकान्यात उद्रेक सुरू झाल्याची तारीख, दुसऱ्यात तो कळवल्याची. कुठल्या जिल्ह्याला जाग यायला किती दिवस लागले, हे कुणालाही मोजता यायचं. कोविडच्या काळात, नेमकी गरज असताना, ही नियमितता मोडली. ही हानी मोठी आहे.

एप्रिल 2021 मध्ये नवं पोर्टल देशभर आलं: तेहेतीस आजार, दररोजची नोंद, गावपातळीचा नकाशा. साधन निश्चितच सरस आहे. पण पुण्याच्या रुग्णांत प्रौढही होते, आणि पोलिओसाठी उभारलेली लुळेपणाची नोंद पंधरा वर्षांखालच्या मुलांपुरतीच आहे. ही वयाची अट ओलांडून खासगी रुग्णालयांनीही लुळेपणाचा प्रत्येक रुग्ण त्याच दिवशी पोर्टलवर नोंदवावा, आणि दोन तारखांची ती यादी दर आठवड्याला न चुकता लोकांसमोर यावी.