पौरुषग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

उतारवयातील पुरुषांना होणारा मूत्रप्रवृत्तीचा त्रास आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, मूत्राशय पूर्ण रिकामा न झाल्याची भावना राहणे, अशा तक्रारी घेऊन रुग्ण प्रथम आपल्याकडे येतात. त्यांपैकी अनेकांना औषधोपचाराने आराम पडतो. ज्यांना पडत नाही, ज्यांचे मूत्र अडते अथवा वृक्कांवर ताण येऊ लागतो, त्यांना शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारावा लागतो. येथवरची वाटचाल आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळदा मांडली गेली आहे. शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी परतल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांविषयी मात्र आपल्यात फारसे बोलले जात नाही.

वस्तुतः याच दिवसांत वैद्याची खरी कसोटी लागते. रुग्णालयातून मिळालेले कागद बहुधा इंग्रजीत असतात, शल्यचिकित्सक शहरात असतो आणि घराजवळचा माणूस म्हणजे आपण. सायंकाळी सूनबाईंचा दूरध्वनी येतो, ‘‘वैद्यबुवा, मामंजींची लघवी पुन्हा लाल झाली आहे, एखादा काढा सांगता का?’’ या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर त्या रुग्णाची पुढील रात्र अवलंबून असते. या काळात कोणते औषध द्यावे यापेक्षा काय देऊ नये आणि रुग्णाला केव्हा परत पाठवावे, हे ज्ञान अधिक मोलाचे आहे. प्रस्तुत लेखाचा हाच मुख्य विषय होय.

बाहेर न दिसणारा व्रण

सौम्य वाढीसाठी आज सर्वत्र प्रचलित असलेली शस्त्रक्रिया म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा अडथळा आणणारा भाग काढून टाकणे. तिला टी.यू.आर.पी. या नावाने सर्वजण ओळखतात. अलीकडे हेच कार्य लेसर किरणांच्या साहाय्यानेही केले जाते. दोन्ही प्रकारांत पोटावर टाका नसतो आणि येथेच रुग्णाची व नातेवाइकांची फसगत होते. ‘टाका नाही म्हणजे जखम नाही’ असे समजून रुग्ण चौथ्या दिवशी पिशव्या उचलून बाजारातून येतो.

प्रत्यक्षात बस्तिमुखाखाली एक उघडा व्रण असतो आणि त्यावरून अहोरात्र मूत्र वाहत असते. तो पूर्णपणे भरून येण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. मधल्या काळात व्रणावर धरलेली खपली सुटते. ती बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, कधी तिसऱ्या आठवड्यातही सुटते आणि स्वच्छ झालेली लघवी अचानक पुन्हा लाल होते. रुग्णाला ही गोष्ट आधीच समजावून सांगितली असेल तर तो घाबरत नाही.

कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया वेगळी. तीत मूत्राशय व मूत्रमार्ग पुन्हा जोडलेले असतात आणि नळी साधारणतः एक ते दोन आठवडे ठेवावी लागते. म्हणून रुग्ण येताच ‘कोणती शस्त्रक्रिया झाली’ हा पहिला प्रश्न असावा.

सुश्रुताचार्यांची दृष्टी

बस्ती हे सद्यःप्राणहर मर्म आहे, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो. गुद व बस्ती यांच्यामध्ये राहून मूत्र अडविणाऱ्या घन ग्रंथीचे, म्हणजेच अष्ठीलेचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या बारा प्रकारांत येते. परंतु आपल्या आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे तो चिकित्सास्थानातील अश्मरीचिकित्सेचा सातवा अध्याय. अश्मरी काढल्यानंतरचे पश्चात्कर्म तेथे विस्ताराने सांगितले आहे.

त्यातील तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, बस्ती रक्ताने भरू नये ही चिंता. यासाठी उष्णोदकाच्या द्रोणीत अवगाहन आणि तरीही रक्त साचल्यास क्षीरीवृक्षांच्या कषायाने बस्तीचे प्रक्षालन सांगितले आहे. दुसरी, आहाराचा क्रम. पहिले तीन दिवस घृतयुक्त यवागू, नंतर दहा दिवस दुधाबरोबर अल्प व मृदू भात. तिसरी, व्रण भरल्यानंतरही वर्षभर मैथुन, घोडा, हत्ती, रथ, पर्वत व वृक्ष यांवर आरोहण, पोहणे आणि गुरू आहार वर्ज्य.

रक्ताच्या गुठळ्यांनी मूत्राशय भरणे हाच आजच्या शस्त्रक्रियेनंतरचाही प्रमुख धोका आहे आणि रुग्णालयात तीन तोंडांच्या नळीतून लवणजल सोडून जे प्रक्षालन करतात, त्यामागील हेतू तोच आहे. मात्र येथे विवेक हवा. सुश्रुतांची शस्त्रक्रिया सीवनीच्या बाजूने, बाहेरून छेद घेऊन केलेली होती. आजचा व्रण आत आहे व तो उष्णतेने पुन्हा स्रवू शकतो. म्हणून ग्रंथातील अवगाहस्वेद जसाच्या तसा या रुग्णाला सांगू नये. तत्त्व घ्यावे, कर्म नव्हे. घोडा-हत्तींच्या जागी आज स्कूटर, ट्रॅक्टर आणि एस.टी.चा लांबचा प्रवास आहे, एवढे ध्यानी घेतले तरी आचार्यांचा उपदेश आजही लागू पडतो.

नळी असताना

बहुतेक रुग्णांची नळी घरी येण्यापूर्वी काढलेली असते. काहींना मात्र ती काही दिवस ठेवून घरी पाठवितात. अशा वेळी पुढील गोष्टी घरच्यांना आपल्या भाषेत समजावून द्याव्यात.

मूत्राची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीवर टेकू नये. ती अर्ध्याहून अधिक भरण्यापूर्वी रिकामी करावी. हात साबणाने धुतल्याशिवाय नळीला स्पर्श करू नये. शिश्नाग्राची जागा दिवसातून दोनदा साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. त्वचा मागे घेतली असल्यास ती पुन्हा पुढे आणण्यास विसरू नये, अन्यथा सूज येऊन ती तेथेच अडकते. नळीच्या तोंडाशी तेल, हळद, तुरटी वा कोणताही लेप लावू नये.

नळी असूनही लघवीची तीव्र भावना होणे व नळीच्या कडेने थोडे मूत्र गळणे हे मूत्राशयाच्या आकुंचनामुळे घडते. नळीतून प्रवाह चालू असेल तर त्यात भय नाही. पण पिशवीत काहीच येत नसेल, तर प्रथम नळी दुमडली आहे का ते पाहावे. ती सरळ करूनही प्रवाह सुरू झाला नाही, तर रुग्णालयाखेरीज अन्य उपाय नाही. नळीच्या आतील टोकाशी पाण्याने फुगविलेला फुगा असतो. ती ओढण्याचा प्रयत्न घरी कोणीही करू नये.

मूत्राचा वर्ण

नळी निघाल्यावर जळजळ, वारंवारता आणि वेग आवरता न येणे ही लक्षणे काही आठवडे राहू शकतात. रुग्णाला वाटते, शस्त्रक्रिया फसली. त्याला धीर द्यावा.

रक्ताविषयी घरच्यांना स्वयंपाकघरातील उपमा लवकर समजते. लघवी पातळ कोकम सरबतासारखी गुलाबी असेल तर पडून राहावे, पाणी वाढवावे व पुढील दोन-तीन वेळा वर्ण पाहावा. बहुधा तो फिका होत जातो. टोमॅटोच्या सारासारखी दाट लाल लघवी, अथवा तीत गुठळ्या दिसू लागल्या, तर थांबू नये. या दिवसांत बीट खाण्यास देऊ नये, कारण त्याने मूत्र लाल दिसते आणि सर्वांचाच गोंधळ होतो.

एक फसवे लक्षण येथे मुद्दाम नोंदवितो. ‘लघवी सतत थेंब थेंब गळते’ अशी तक्रार आली की ती मूत्रधारणशक्ती गेल्यामुळेच आहे असे समजू नये. पुष्कळदा मूत्राशय तुडुंब भरून वरचे पाणी सांडत असते. ओटीपोटावर हलका हात ठेवून पाहिल्यास ताणलेला मूत्राशय जाणवतो. अशा रुग्णास स्तंभन औषध दिले तर अनर्थ ओढवेल.

आहार, पाणी आणि मलप्रवृत्ती

हृदयरोग वा वृक्कविकार नसलेल्या रुग्णाने दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी विभागून घ्यावे व सायंकाळी सातनंतर प्रमाण कमी करावे. ज्यांना पाण्यावर बंधन आहे, त्यांचे प्रमाण त्यांच्या चिकित्सकास विचारूनच ठरवावे. धने वा वाळा घातलेले पाणी चालते. नारळपाणी मात्र सरसकट सुचवू नये. वृक्क दुर्बल असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना त्यातील पोटॅशियम बाधक ठरू शकते.

या काळात सर्वाधिक उपकारक गोष्ट म्हणजे सुखपूर्वक मलप्रवृत्ती. कुंथण्याचा दाब थेट व्रणावर येतो व रक्तस्राव सुरू होतो. मऊ भात, मुगाचे वरण, साजूक तूप, दुधी, पडवळ, घोसाळे, लाल भोपळा, भिजवलेल्या काळ्या मनुका असा आहार ठेवावा. मधुमेही रुग्णास मनुका व भात बेतानेच द्यावा. मिरची, गरम मसाला, कडक चहा-कॉफी व मद्य वर्ज्य. आवश्यक तेथे भरपूर पाण्यासह इसबगोल अथवा रात्री अल्प मात्रेत त्रिफळा पुरेशी होते. एरंडतेल, जयपाळयुक्त कल्प अथवा सोनामुखीची मोठी मात्रा देऊन तीव्र विरेचन घडवू नये. उकिडवे बसून कुंथण्यापेक्षा कमोड अथवा शौचाची खुर्ची वापरणे सोयीचे.

आपण काय देऊ नये

वातप्रधान व्याधी म्हटली की आपला हात बस्तिकर्माकडे वळतो. या रुग्णांत मात्र शल्यचिकित्सकाच्या संमतीशिवाय गुदमार्गे कोणताही बस्ती, अगदी मात्राबस्तीही, देऊ नये. गुद आणि व्रण यांच्यात अंतर अत्यल्प आहे. उत्तरबस्तीचा तर विचारही नको. ओटीपोटाचे अभ्यंग, स्वेदन आणि कटिस्नान यांनाही हीच मर्यादा लागू आहे.

गोक्षुरादी गुग्गुळ व चंद्रप्रभा वटी हे आपले विश्वासाचे कल्प आहेत आणि शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण ते घेत असण्याची शक्यता मोठी. दोहोंत गुग्गुळ आहे. रक्तातील बिंबिका एकत्र येण्याच्या क्रियेला गुग्गुळ मंद करू शकतो. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांचे शोषण त्याने कमी होते, असेही अभ्यासांत आढळले आहे. म्हणून व्रण स्थिर होईपर्यंत ते थांबवावेत. लसणाचे कॅप्सूल व हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या यांविषयीही तीच सावधगिरी. आहारातील चिमूटभर हळदीला अर्थातच हरकत नाही. जळजळीसाठी ज्येष्ठमध सुचविताना रक्तदाब विचारावा, कारण दीर्घकाळ वा अधिक मात्रेत घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते.

औषधविक्रेत्यांसाठी

‘नुकतेच प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले आहे’ हे वाक्य कानी पडताच तीन गोष्टी कराव्यात. सर्दीसाठी कोणतीही गोळी परस्पर देऊ नये. नाक मोकळे करणारी व झोप आणणारी अनेक औषधे मूत्र अडवितात. वेदनेसाठी चिठ्ठीशिवाय वेदनाशामक देऊ नये, कारण त्यांतील काहींनी रक्तस्राव वाढतो व वृक्कांना इजा होते. आणि थांबविलेली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफॅरिन जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नयेत. ती केव्हा सुरू करावीत, याचा निर्णय शल्यचिकित्सक व हृदयरोगतज्ज्ञ यांचाच. हृदयात स्टेंट असलेल्या रुग्णाने ती आपणहून बंद ठेवणेही तितकेच घातक आहे. प्रतिजैविकांचा क्रम अर्धवट सोडू नये, हेही सांगावे.

विलंब न करता परत पाठवावे

मूत्र पूर्ण अडणे वा ओटीपोट ताणून दुखणे, दाट लाल लघवी अथवा गुठळ्या, 100.4 अंश फॅरनहाइटहून अधिक ज्वर वा हुडहुडी. वृषणाला सूज व वेदना. पोटरी सुजणे, छातीत दुखणे वा धाप लागणे. घेरी व गुंगी. यांपैकी एकही लक्षण असता घरी काढ्याची परीक्षा पाहू नये. सोबत दोन ओळींची चिठ्ठी द्यावी आणि तीत आपण दिलेली औषधे स्पष्ट लिहावीत.

यापलीकडे दोन गोष्टींची आठवण वैद्यानेच करून द्यावी. काढलेल्या ग्रंथीच्या तुकड्यांचा सूक्ष्मदर्शी तपासणीचा अहवाल आणलेला आहे का? लघवी सुटू लागल्याच्या आनंदात तो कागद राहून जातो आणि क्वचित त्यातच कर्करोगाचे निदान दडलेले असते. दुसरे, संभोग साधारण चार ते सहा आठवडे वर्ज्य असून, पुढे शुक्र बाहेर न येता मूत्राशयात जाणे हा या शस्त्रक्रियेचा नेहमीचा परिणाम आहे. रुग्ण संकोचाने विचारत नाही व मनात झुरत राहतो. कुटुंबाचा वैद्य म्हणून हे सांगण्याचा अधिकार आणि विश्वास आपल्याकडेच असतो.

व्रण भरून येणे हे शरीराचे कार्य आहे आणि त्याला काळ लागतो. पथ्य सांगणे, मलप्रवृत्ती सुखाची ठेवणे, मूत्राच्या वर्णावर नजर ठेवणे आणि योग्य क्षणी रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे धाडणे, एवढे साधले तरी आपले पश्चात्कर्म पूर्ण झाले असे समजावे. या काही दिवसांत हात आवरणारा वैद्य रुग्णाचे जे भले करतो, ते दहा कल्पांनीही साधत नाही. व्रण स्थिरावल्यानंतर, शल्यचिकित्सकाशी विचारविनिमय करून, आपल्या बल्य व रसायन चिकित्सेला पुष्कळ वाव आहे.