हवेची थरथर आणि वाकणारा आरसा

'शास्त्रीय कारणे द्या' या सदरात एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात आहे: तारे लुकलुकतात, ग्रह मात्र लुकलुकत नाहीत. उत्तरही ठरलेले आहे. ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना त्याचे वक्रीभवन सतत बदलते. तारा बिंदूसारखा दिसत असल्याने हा बदल जाणवतो. ग्रहाची मात्र लहानशी तबकडी असते, तिच्या निरनिराळ्या बिंदूंकडून येणारे चढउतार एकमेकांत मिसळून जातात. उत्तर बरोबर आहे, गुण मिळतात आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या मते विषय खरा रंगतो तो इथून पुढे. कारण ज्या हवेमुळे तारे लुकलुकतात, तीच हवा मोठमोठ्या दुर्बिणींनाही अधू करते. तिच्यावर मात करता आली नसती, तर आपल्या आकाशगंगेच्या केंद्रस्थानी काय दडले आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले नसते.

आधी थोडी आकडेमोड करू. दुर्बिणीतून ताऱ्याची प्रतिमा कधीच अगदी बिंदूरूप मिळत नाही. प्रकाशाच्या विवर्तनामुळे ती एक बारीक ठिपका होते. त्या ठिपक्याचा कोनीय आकार काढायचा तर तरंगलांबीला आरशाच्या व्यासाने भागायचे आणि १.२२ ने गुणायचे. हिरव्या प्रकाशासाठी दहा सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीत हा आकार सुमारे १.४ विकला येतो. आरसा दहा मीटरचा घेतला तर तो शंभर पटीने लहान, म्हणजे ०.०१४ विकला, व्हायला हवा. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. अडीच सेंटीमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरवरून पाहिले तर ते साधारण एवढे दिसेल.

प्रत्यक्षात काय होते? चांगल्या पर्वतशिखरावरसुद्धा हवेमुळे ताऱ्याची प्रतिमा एका विकलेच्या आसपास पसरते. दहा मीटरच्या आरशाने प्रकाश पुष्कळ गोळा होतो, पण बारकावे मात्र हौशी निरीक्षकाच्या दहा-बारा सेंटीमीटरच्या दुर्बिणीइतकेच दिसतात! एवढा खर्च करून हे हाती यावे, ही मोठी नामुष्कीच म्हणायची.

हवा एवढा उपद्रव करते तरी कशी? हवेचा वक्रीभवनांक एकापेक्षा जेमतेम ०.०००३ ने जास्त असतो. तापमान एका अंशाने बदलले तर त्यात साधारण दशलक्षांश एवढाच फरक पडतो. हे नगण्य वाटते. पण पाच मीटर जाडीचा एखादा हवेचा पुंजका शेजारच्या हवेपेक्षा फक्त ०.१ अंशाने गरम असला, तर त्यातून येणारा प्रकाश सुमारे अर्धा मायक्रॉन पुढे निघून जातो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी जवळपास एवढीच आहे. म्हणजे दूरच्या ताऱ्याकडून हजारो वर्षे सपाट येत असलेले तरंगाग्र शेवटच्या काही किलोमीटरमध्ये चुरगळलेल्या कागदासारखे होते.

या चुरगळण्यालाही नियम आहे. रशियन गणिती कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये खळबळणाऱ्या प्रवाहांचे गणित मांडले. मोठे भोवरे लहान भोवऱ्यांना ऊर्जा देतात, ते आणखी लहानांना, आणि अखेरीस ती उष्णतेत विरून जाते. या चित्रावरून तरंगाग्र किती अंतरावर किती वेडेवाकडे होईल, याचा सरासरी अंदाज बांधता येतो. डेव्हिड फ्राइड यांनी १९६६ मध्ये त्यातून एक सोपे माप काढले: तरंगाग्राचा केवढा तुकडा जवळजवळ सपाट मानता येईल? दृश्य प्रकाशात हे माप चांगल्या ठिकाणी दहा ते वीस सेंटीमीटर असते. लहान दुर्बीण आणि मोठी दुर्बीण बारकाव्यांच्या बाबतीत सारखीच का ठरते, ते आता उमगेल. तरंगलांबी वाढली की हे मापही वाढते. २.२ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात ते दृश्य प्रकाशातल्या मापाच्या जवळजवळ सहापट होते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

न्यूटनने आपल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात (१७०४) या थरथरीवर उंच पर्वतावरची शांत हवा हाच एक उपाय सांगितला होता. अडीचशे वर्षे त्यात फारशी भर पडली नाही. १९५३ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हॉरेस बॅबकॉक यांनी एक वेगळाच विचार मांडला. तरंगाग्र कुठे किती पुढे-मागे झाले आहे ते त्याच क्षणी मोजावे, आणि प्रकाशाच्या वाटेत असा आरसा ठेवावा की ज्याचा पृष्ठभाग बरोबर उलट आकार घेईल. जिथे तरंगाग्र पुढे गेले असेल तिथे आरसा मागे सरेल. परावर्तित तरंगाग्र पुन्हा सपाट! कल्पना साधी होती, पण सेकंदाला शेकडो वेळा हिशेब करणारा संगणक तेव्हा कुठे होता? सूचना तीसेक वर्षे बहुतांशी कागदावरच राहिली. मधल्या काळात अमेरिकेच्या लष्कराने उपग्रहांवर नजर ठेवण्यासाठी या तंत्रावर गुप्तपणे काम केले. खगोलशास्त्रासाठी त्याचा पहिला यशस्वी प्रयोग १९८९ मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत झाला. याला ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणारी प्रकाशिकी.

अदृश्य तरंगाग्राचा आकार मोजायचा कसा? याचे तत्त्व वर्गात सहज दाखवता येते. पसरट परातीच्या किंवा टबच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला आलेखकागद ठेवा आणि वर आठ सेंटीमीटर पाणी घाला. पाणी स्थिर असताना चौकटी सरळ दिसतात. पाणी हलकेच हलवले की रेषा वाकतात. विद्यार्थ्यांना विचारा, एखादी रेषा सरकलेली दिसते ती तिथे पाणी उंच आहे म्हणून की तिरके आहे म्हणून? बहुतेक जण 'उंच' म्हणतील. पण वरून सरळ पाहिले तर पाण्याची पातळी नुसती वाढल्याने रेषा बाजूला सरकत नाही. पृष्ठभागाला उतार असला तरच ती सरकते. वीसास एक असा उतार असला तर आठ सेंटीमीटर खोलीला रेषा साधारण एक मिलिमीटर सरकते. (खोली, उतार आणि एक-चतुर्थांश यांचा गुणाकार. हा एक-चतुर्थांश पाण्याच्या वक्रीभवनांकातून कसा येतो, ते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना काढायला द्यावे.)

दुर्बिणीतला संवेदक हेच करतो. आरशावरून आलेला प्रकाश तो शेकडो चिमुकल्या भिंगांच्या जाळीवर घेतो. प्रत्येक भिंग ताऱ्याचा एक ठिपका तयार करते. तरंगाग्र सपाट असेल तर ठिपके आखल्यासारखे ओळीत पडतात. कुठे उतार असला की तिथला ठिपका जागेवरून ढळतो. म्हणजे हाती येतात ते उतार, आणि आरशाला द्यायच्या असतात त्या उंच्या.

उतारांवरून उंची काढणे म्हणजे एकेका टप्प्याचा चढ मिळवत जाणे. पण इथे एक मेख आहे. समजा अ, ब, क, ड हे चौकोनाचे चार कोपरे आहेत. अ पासून ब पर्यंत चढ २, ब ते क १, क ते ड उतार २ आणि ड ते अ उतार ०.६ असे मोजले गेले. चालत चालत पुन्हा अ ला आलो तर एकूण चढ शून्य व्हायला हवा. इथे मात्र ०.४ उरतो. जमिनीची पातळी मोजणाऱ्यांना ही अडचण चांगली ठाऊक असते. प्रत्येक मापात थोडी त्रुटी आहे, पण कोणत्या मापात किती, ते माहीत नाही. मग ती चौघांत सारखी वाटायची आणि प्रत्येकातून ०.१ वजा करायचा. आता चढ १.९ आणि ०.९, उतार २.१ आणि ०.७, बेरीज शून्य. सर्व मापांना मिळून कमीत कमी धक्का देणारे हे उत्तर आहे. यालाच लघुतम वर्गांची रीत म्हणतात. दुर्बिणीत चार कोपऱ्यांऐवजी शेकडो बिंदू असतात आणि हिशेब काही मिलिसेकंदांत संपवावा लागतो, कारण तोवर वारा नवी हवा घेऊन येतो. हिशेब होताच पातळ आरशाच्या पाठीमागचे शेकडो टेकू मायक्रॉनच्या मापाने पुढे-मागे होतात.

दहा मीटरच्या आरशाला दृश्य प्रकाशात पूर्ण सुधारायचे तर दहा-दहा सेंटीमीटरचे सुमारे दहा हजार तुकडे सांभाळावे लागतील. अवरक्तात तुकडा साठ सेंटीमीटरचा होतो आणि संख्या तीनशेच्या आत येते. शिवाय वेळही थोडा अधिक मिळतो. म्हणून या तंत्राचे मोठे यश प्रथम अवरक्तात आले.

आणखी एक अट आहे. हवा मोजायला जवळपास एक ठळक तारा लागतो, आणि तो हवा तिथे असेलच असे नाही. मग कृत्रिम तारा करायचा! सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवर उल्कांच्या राखेतून आलेले सोडियमचे अणू विरळपणे पसरलेले आहेत. त्यांच्यावर ५८९ नॅनोमीटरचा पिवळा लेसर सोडला की ते चमकतात. फुआ आणि लाबेरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये लेसरच्या ताऱ्याची कल्पना प्रसिद्ध केली. एक काम मात्र हा तारा करू शकत नाही. संपूर्ण प्रतिमा किती डोलते ते त्याच्यावरून कळत नाही, कारण लेसर त्याच वाटेने वर जातो आणि परत येतो, त्यामुळे ते डोलणे फिटून जाते. तेवढ्यापुरता एखादा अंधुक का होईना, खरा तारा शोधावाच लागतो. पुण्याच्या आयुकाने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर तयार केलेल्या 'रोबो-एओ' या यंत्रणेतही लेसर होता. पालोमार येथील दीड मीटरच्या दुर्बिणीवर तिने एकामागून एक तारे आपले आपण पाहिले.

आता आकाशगंगेच्या केंद्राकडे वळू. ते धनू राशीत, सुमारे ८२०० पार्सेक दूर आहे. वाटेत इतकी धूळ आहे की दृश्य प्रकाशाचा अब्जावा भागही पोहोचत नाही. अवरक्त मात्र पार येतो. तिथे एका अदृश्य वस्तूभोवती तारे फिरतात. त्यांतल्या एस-२ या ताऱ्याची संपूर्ण कक्षा लांबीला पाव विकला आहे. म्हणजे हवेने पसरवलेल्या एका ठिपक्यात ती अख्खी गडप होते! जर्मनीचे राइनहार्ड गेन्झेल आणि अमेरिकेच्या आंद्रेआ गेझ यांच्या गटांनी १९९० च्या दशकात क्षणिक छायाचित्रांची असंख्य जुळणी करून काम सुरू केले, पण त्यात ठळक तारेच सापडत. वाकणारे आरसे आल्यावर दीर्घकाळ प्रकाश गोळा करता येऊ लागला, ठिपका ०.०६ विकलेइतका बारीक झाला आणि ताऱ्याचा वर्णपटही मिळाला.

पुढचे गणित नववीचा विद्यार्थीही करील. कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष ०.१२५ विकला आहे. त्याला ८२०० ने गुणले की पार्सेकच्या व्याख्येनुसार उत्तर थेट खगोलीय एककांत येते: १०२५. पृथ्वी-सूर्य अंतराच्या एवढे पट! प्रदक्षिणेचा काळ १६ वर्षे. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागावे. १०२५ चा घन सुमारे १०८ कोटी, त्याला २५६ ने भागले की मिळतात सुमारे ४२ लाख. केंद्रातली वस्तू एवढ्या सूर्यांच्या वजनाची आहे. एस-२ तिच्यापासून अवघ्या १२० खगोलीय एककांवरून, नेपच्यूनच्या कक्षेच्या चौपट अंतरावरून, सुखरूप निघून जातो. एवढ्या जागेत चाळीस लाख सूर्य कोंबलेले असून तिथे कोणताही तारा तळपताना दिसत नाही. कृष्णविवरावाचून याचा दुसरा पटण्याजोगा अर्थ लागत नाही. २०२० सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक गेन्झेल आणि गेझ यांना याच कामासाठी, रॉजर पेनरोज यांच्या जोडीने, मिळाले.

मे २०१८ मध्ये एस-२ पुन्हा जवळ आला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७७०० किलोमीटर होता. चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी एकत्र जोडून तो पाहिला गेला आणि त्याचा प्रकाश आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार तांबड्याकडे झुकलेला आढळला. पुढची भेट २०३४ मध्ये आहे. चिलीतच आज ३९ मीटरच्या आरशाची दुर्बीण बांधली जात आहे. तिच्यातल्या वाकणाऱ्या आरशाला पाच हजारांहून अधिक टेकू असतील.