अंतरपाट, पडदा आणि पालट
संगणकाच्या पडद्यावर एक दृश्य जाऊन दुसरे येते, त्याविषयी

२००४ साली एका चर्चासत्रात मी पहिल्यांदा संगणकाच्या साहाय्याने निबंध सादर केला. विषय ‘लीळाचरित्रा’तील गद्याचा. चोवीस स्लाइड्स मी मोठ्या हौसेने तयार केल्या होत्या आणि दर दोन स्लाइड्सच्या मध्ये एक निराळा चमत्कार घातला होता. एक स्लाइड बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनाचौकोनाने उघडे, दुसरी झिलमिल्यांसारखी मिटे, तिसरीबरोबर मोटारीचा ब्रेक लागल्याचा आवाज येई. निबंध संपल्यावर एक वयोवृद्ध शिक्षक जवळ आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाई, अक्षरं फार छान उडत होती. म्हाइंभट काय म्हणाले ते मात्र ऐकायचं राहूनच गेलं.”

ते वाक्य मला पुष्कळ दिवस टोचत राहिले. हे चमत्कार आले कुठून, ते चालतात कसे आणि भाषेच्या शिक्षकाला त्यांचा खरोखर काही उपयोग आहे का, याचा शोध मी त्यामुळेच घेऊ लागले. त्या शोधातून जे हाती लागले ते येथे मांडते. इंग्रजीत याला ट्रान्झिशन म्हणतात. मराठीत ‘संक्रमण’, ‘स्थित्यंतर’ असे शब्द सुचवले जातात, पण ते जड वाटतात. मी ‘पालट’ हा शब्द वापरते. ऋतुपालट आणि खांदेपालट आपल्या ओळखीचे आहेत, तसाच हा दृश्यपालट.

पालट ही कल्पना संगणकापेक्षा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जादूच्या कंदिलाचे खेळ होत. दोन कंदील एकाच पडद्यावर रोखून एकाची ज्योत हळूहळू कमी करायची आणि दुसऱ्याची वाढवायची, की पहिले चित्र विरघळून त्यातून दुसरे उमटे. आपल्याकडे १८९० च्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर हाताने रंगवलेली चित्रे घेऊन असे खेळ गावोगावी केले. त्या खेळाला त्यांनी दिलेले नाव होते ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा मायावी असुर, म्हणून शांबरी म्हणजे माया. खरोलिका म्हणजे दिवा. परकीय यंत्राला नाव देताना आपली माणसे किती मोकळेपणाने संस्कृतकडे जात, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

पुढे सिनेमाने हे तंत्र उचलले. जॉर्ज मेलिएस यांच्या १८९९ च्या ‘सिंड्रेला’त एक दृश्य दुसऱ्यात विरघळताना दिसते. हळूहळू प्रेक्षकांच्या मनात पालटांचे अर्थ ठरत गेले. दृश्य विरघळले की काळ लोटला, पडदा काळा झाला की प्रकरण संपले, एका दृश्याने दुसऱ्याला बाजूला सारले की जागा बदलली. हे कोणी पाटीवर लिहून शिकवले नाही. विरामचिन्हे जशी वाचता वाचता कळतात, तसे हे पाहता पाहता कळले.

संगणकावर पालट आला तेव्हा पहिली अडचण ताकदीची होती. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशचा पडदा ५१२ आडव्या आणि ३४२ उभ्या ठिपक्यांचा, म्हणजे एकूण १,७५,१०४ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. करडा रंग मुळी नव्हताच. मग एक चित्र फिके होत होत दुसऱ्यात विरघळावे कसे?

सर्वांत स्वस्त उपाय पुसण्याचा. जुन्या चित्राच्या डाव्या कडेपासून एकेक उभी पट्टी काढायची आणि तिथे नव्या चित्राची पट्टी ठेवायची. यात हिशेब काहीच नाही, केवळ नक्कल आहे. झिलमिल्या, बुद्धिबळपट, मधून दुभंगणारा पडदा हे सगळे याच युक्तीचे प्रकार. फरक फक्त कोणता तुकडा आधी बदलायचा याचा.

विरघळण्यासाठी मात्र ठिपके विखुरलेल्या क्रमाने बदलावे लागतात आणि एकही ठिपका सुटून चालत नाही. पावणेदोन लाख ठिपक्यांची यादी पिसून ठेवायला तेव्हा स्मृतीत जागा नव्हती. त्यावरची युक्ती माइक मॉर्टन यांनी १९९० च्या ‘ग्राफिक्स जेम्स’ या ग्रंथात समजावून दिली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ती सहज कळेल, म्हणून तिचे छोटे रूप येथे देते.

एक ते सात या संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी, तीन जागांत लिहा. एक म्हणजे ००१, सात म्हणजे १११. आता नियम असा: संख्या सम असेल तर तिची निम्मी करा. विषम असेल तर एक वजा करून निम्मी करा आणि मग पहिले दोन अंक उलटवा, म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य. एकापासून सुरुवात केली तर क्रम मिळतो १, ६, ३, ७, ५, ४, २ आणि पुन्हा १. सातही संख्या आल्या, प्रत्येक एकदाच आली, आणि क्रम मात्र पाहणाऱ्याला विस्कळीत वाटतो. यादी कुठेही साठवावी लागली नाही. आताची संख्या ठाऊक असली की पुढची मिळते. तीनऐवजी अठरा जागा घेतल्या आणि उलटवायच्या जागा नीट निवडल्या, तर २,६२,१४३ संख्यांचे असेच चक्र मिळते. त्यांतल्या पडद्याबाहेरच्या वगळायच्या. संपूर्ण पडदा विरघळतो आणि एकही ठिपका मागे राहत नाही.

रंगीत पडद्यांसाठी आणखी एक युक्ती होती. आयबीएमच्या १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत ३२० बाय २०० ठिपक्यांच्या चित्राला २५६ रंग वापरता येत. ठिपक्यात रंग साठवलेला नसे, रंगपेटीतल्या खणाचा क्रमांक साठवलेला असे. त्यामुळे चित्र अंधारात न्यायचे तर ६४,००० ठिपक्यांना हात लावायची गरज नसे. पेटीतल्या २५६ रंगांचे लाल, हिरवे आणि निळे अंश, म्हणजे ७६८ आकडे, पायरीपायरीने कमी केले की काम होई. नाटकाच्या रंगमंचावर प्रत्येक वस्तूवर काळे कापड न टाकता दिवे मंद करावेत, तसेच हे.

१९८७ मध्येच मॅकिन्टॉशवर हायपरकार्ड आले. त्यात एका छोट्याशा आज्ञेने दृश्य विरघळवता किंवा पुसता येई. पॉवरपॉइंटही त्याच वर्षीचे, पण त्याची पहिली आवृत्ती कागदावर किंवा पारदर्शिकेवर छापण्यापुरती होती. थेट पडद्यावर सादरीकरण आणि त्यासोबत पालट आले ते १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीत. घोटाळा झाला तो येथे, असे मला वाटते. कल्याणच्या पटवर्धनांना एक पालट साधायला दोन कंदील आणि सरावलेला हात लागे, म्हणून पालट कुठे हवा याचा विचार आधी होई. संगणकाच्या यादीत सगळे पालट एकाच किमतीला, म्हणजे फुकट, मिळू लागले. त्यात ‘कोणताही चालेल’ असाही पर्याय होता! विरामचिन्हे मनाला येतील तशी टाकण्याची सोय टंकयंत्राने द्यावी, तसा हा प्रकार. माझ्या चोवीस स्लाइड्स या सोयीला बळी पडल्या.

खरे तर अर्थपूर्ण पालट आपल्या परंपरेत जागोजागी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपल्यावर बुवांना बुक्का लावतात, हार घालतात आणि मग उत्तररंगाचे आख्यान सुरू होते. त्या मधल्या वेळात श्रोता निरूपणातून कथेत जातो. लग्नात अंतरपाट दूर होतो तेव्हा समोरची व्यक्ती तीच असते, नाते मात्र बदललेले असते. दोन्ही ठिकाणी पालट लक्ष वेधतो आणि लगेच बाजूला होतो.

हे ध्यानात आल्यावर मी पालटाचा दुसरा प्रयोग केला, तो आमच्या बुऱ्हाणपुरात. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांकडे आले, त्यामुळे इथल्या काही जुन्या घरांत मोडीतले कागद आजही सापडतात. पण घरात मराठी बोलणारी आमची मुले हिंदी माध्यमात शिकतात. देवनागरी त्यांना येते, मोडी पाहून मात्र ती हात टेकतात. मी एका मोडी कागदाच्या एकेका ओळीचे छायाचित्र घेतले. दुसऱ्या स्लाइडवर तीच ओळ बाळबोधीत, शब्दाखाली शब्द येईल अशी नेमक्या त्याच जागी लिहिली. मध्ये एकच पालट ठेवला, विरघळण्याचा, आणि तोही सर्वांत संथ गतीचा. क्षणभर दोन्ही लिप्या एकमेकींत मिसळलेल्या दिसत आणि मोडीच्या सलग वळणातून ओळखीचे अक्षर वर येई. ओळ वाचण्याची दिशा दाखवायची असेल तेव्हा डावीकडून उजवीकडे पुसण्याचा पालट वापरला. आवाज एकही नव्हता.

तिसऱ्या तासाला शाहपूरची एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन आली. सोबत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले चार कागद होते. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाणार होते. त्यातल्या एकाच्या दोन ओळी मी तशाच दोन स्लाइड्सवर घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात वर्गात दाखवल्या. पहिली ओळ विरघळली आणि बाळबोधीत गावाचे नाव उमटले. दुसरीत त्यांच्या पणजोबांचे नाव आले. मागच्या बाकाजवळ उभे असलेले वडील म्हणाले, “मॅडम, एकदा परत दाखवता का? सावकाश.”

मी मागे गेले आणि पुन्हा दाखवले. सगळे मिळून पाच वेळा. ते कागद आता त्यांच्या घरी कपाटात आहेत आणि मुलगी मोडीची बाराखडी गिरवते आहे.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच. पालट निवडण्यापूर्वी दोन स्लाइड्समधले नाते एका वाक्यात सांगून पाहा. ‘तेच, पण दुसऱ्या रूपात’ असे वाक्य आले तर विरघळू द्या. ‘यानंतर हे’ असेल तर पुसा. ‘हा विषय संपला’ असेल तर अंधार करा. वाक्य सुचलेच नाही, तर स्लाइड नुसती बदला. पहिल्या निबंधाच्या वेळी मला हे कोणी सांगितले असते, तर म्हाइंभटांचे म्हणणे त्या वृद्ध गुरुजींपर्यंत पोचले असते.