चेहरा नसलेलं शहर

‘सीसीटीव्हीतली माणसं उड्या मारल्यासारखी का चालतात?’ एका वाचकाचा हा प्रश्न मला फार आवडला. याचं कारण साठवणुकीतल्या काटकसरीत आहे. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. जुन्या सीसीटीव्हीत मात्र अनेक कॅमेऱ्यांना मिळून एकच टेप असे. एकटा पहारेकरी आळीपाळीने प्रत्येक दाराशी डोकावून यावा, तसं यंत्र एकेका कॅमेऱ्याची एकेक चौकट उचलत जाई. दोन चौकटींच्या मधली पावलं टिपलीच जात नसत. बहुतेकदा आवाजही नसे. कोपऱ्यात तेवढे तारीख-वेळेचे आकडे पळत.

या ओबडधोबड चित्रणातून लंडनमध्ये मानू लुक्श यांनी २००७ साली ‘फेसलेस’ हा चित्रपट घडवला. त्यांचा नियम कडक होता: स्वतःचा कॅमेरा न्यायचाच नाही. शहरातल्या कॅमेऱ्यांसमोर वावरायचं आणि मग त्यांच्या मालकांकडे अर्ज करायचा. ब्रिटनच्या १९९८च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १० पौंडांपर्यंत शुल्क भरून स्वतःविषयीच्या नोंदीची प्रत मागता येई; ती ४० दिवसांत देणं बंधनकारक होतं. अर्ज मात्र तातडीने करावा लागे, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत राही.

खरी गंमत पुढे आहे. इतरांचा खासगीपणा जपण्यासाठी त्यांचे चेहरे झाकावे लागत. लुक्श यांनी त्या झाकलेल्या चेहऱ्यांतूनच कथानक उभं केलं: भूतकाळ-भविष्यकाळ पुसलेल्या शहरात कुणालाच चेहरा नाही आणि एका स्त्रीला अचानक तो मिळतो. निवेदन टिल्डा स्विंटनचं. कायद्याच्या कलमातून इतकी सुरेख विज्ञानकथा निघालेली मी दुसरी पाहिलेली नाही.

चित्रपट पूर्ण होण्याआधीच ही वाट अरुंद होऊ लागली होती. २००३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ‘वैयक्तिक माहिती’चा अर्थ आक्रसून टाकला. नुसतं दृश्यात असणं पुरेसं नाही, असं सांगून अर्ज फेटाळणं त्यामुळे सोपं झालं.

आपल्याकडे कॅमेऱ्यांची चर्चा त्यांची संख्या आणि चेहरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरभोवतीच फिरते. २०२३च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात स्वतःच्या माहितीचा ‘सारांश’ मागण्याचा हक्क आहे. प्रतीचा उल्लेख नाही. सारांशातून ‘फेसलेस’ घडला नसता. कॅमेऱ्याने आपल्याबद्दल नेमकं काय टिपलं, हे तपासायलाही प्रतच लागते. म्हणून नव्या कॅमेऱ्यांच्या प्रत्येक घोषणेसोबत प्रतीचा हक्कही मागायला हवा.